झेब्र्यावर गाडी थांबवली आणि आजोबांना स्कूटर घासून गेली. माझं काय चुकलं?

कोथरूडची_मावशी यांचा प्रश्न

थोडं लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

माझं वय 53. चारचाकी शिकून जेमतेम पाच महिने झालेत. त्याआधीची तीस वर्षं पायी, बसने नाहीतर ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून काढली. त्यामुळे रस्ता ओलांडताना पोटात कसा गोळा येतो ते मला कुणी सांगायला नको. गाडी हातात आली तेव्हाच ठरवलं होतं, झेब्र्यावर कुणी उभं दिसलं की थांबायचं. लर्निंगच्या परीक्षेतही नेमका तोच प्रश्न आला होता: पादचारी ओलांडायला थांबलेले असतील तर हॉर्न वाजवून पुढे जाल की थांबून त्यांना जाऊ द्याल? मी खुशीत बरोबर उत्तर दिलं होतं.

तर मंगळवारी सकाळी साडेदहाची गोष्ट. आमच्या इथला रस्ता, मध्ये दुभाजक, एका अंगाने दोन गाड्या शेजारी शेजारी जातील एवढी रुंदी. सिग्नल नाही, नुसते पट्टे, तेही निम्मे पुसलेले. दुभाजकाच्या फटीत एक आजोबा अडकलेले. अर्धा रस्ता ओलांडून झालेला, उरलेला अर्धा कुणी ओलांडू देईना. पंचाहत्तरीचे असावेत. एका हातात काठी, दुसऱ्या हातात भाजीची कापडी पिशवी, तोंडाशी मेथीची जुडी. मी आरशात बघितलं, मागे रिक्षा होती पण लांब. हळूहळू ब्रेक दाबला, पट्ट्यांच्या अलीकडे थांबले आणि आजोबांना हाताने खूण केली, 'या'.

रिक्षावाल्याने येऊन मागे हॉर्न धरून ठेवला. आजोबा निघाले. माझ्या बॉनेटपुढून चालत डावीकडे बाहेर पडले, आणि त्याच क्षणी माझ्या डाव्या अंगाने एक स्कूटर सुसाट आली. तिचं हँडल पिशवीच्या बंदात अडकलं, पिशवी उडाली. आजोबा माझ्या बॉनेटवर हात टेकून सावरले म्हणून पडले नाहीत. तो मुलगा मागे वळून 'सॉरी काका' म्हणाला आणि गेला. टोमॅटो पार रिक्षाखाली. मी उतरून गोळा करायला लागले, रिक्षावालाही उतरला, दोन टोमॅटो उचलून माझ्या हातात देत म्हणाला, "मॅडम, चालू रस्त्यात अशी गाडी थांबवतात का?"

त्याचं मी मनावर घेतलं नाही. पण आजोबा अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही बोलावलंत म्हणून निघालो. एरवी मी रस्ता रिकामा बघूनच उतरतो."

तेव्हापासून डोक्यात तेच. हे म्हणतात, इथे थांबणं म्हणजे मागच्याला फसवणं आणि पुढच्याला मारणं, नको ते शहाणपण करू नकोस. मुलगा म्हणतो, कायदा तुझ्या बाजूने आहे. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नियम नक्की काय? रिक्षा मागून आदळली असती तर चूक कुणाची धरली असती? आणि खरं विचारायचंय ते हे: मी थांबले नसते तर आजोबा जास्त सुखरूप राहिले असते का?

बिनसाखरेचा_चहा

मावशी, तुमचा मूळ गैरसमज दूर करतो. झेब्र्याचे पट्टे पायी चालणाऱ्यांसाठी नसतात. सिग्नलला पहिला नंबर लावणाऱ्याने पुढचं चाक कुठे टेकवायचं, त्याची ती खूण असते. चार पट्टे ओलांडून चाक ठेवलं तर काळजी नाही, पाचव्यावर गेलं तर मामा बघतो.

गंमत सोडा. मी वीस वर्षं दुचाकी चालवतोय आणि खरं सांगायचं तर मीही डावीकडून काढतो. पुढची गाडी का थांबली असा विचारच डोक्यात येत नाही. गाडी थांबली म्हणजे ती बंद पडली, नाहीतर चालकाला फोन आला, एवढंच सुचतं. माणूस ओलांडतोय म्हणून थांबली असेल ही शक्यता आमच्या हिशेबातच नसते. तुमच्या त्या मुलाचंही तसंच झालं असणार.

तारीख_पे_तारीख

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावे चालवण्यात माझी अठरा वर्षं गेली, त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देऊ शकतो. तिसऱ्याचं दुसऱ्या कुणी द्यावं.

पूर्वी रस्त्याचे नियम 1989 चे होते, त्यांच्या जागी 2017 मध्ये मोटार वाहन (चालन) विनियम आले. सिग्नल नसलेल्या झेब्र्यावर चालकाने वेग कमी करायचा, थांबायचं आणि पायी जाणाऱ्याला वाट द्यायची. व्हीलचेअरवरच्या माणसालाही तोच हक्क. पुढे कोंडी असेल आणि पट्ट्यांवरच अडकून राहायची वेळ येणार असेल, तर पट्ट्यांवर गाडी घालायचीच नाही, हेही त्यात आहे. चौकाचौकात रोज मोडला जाणारा नियम हाच.

रिक्षा आदळली असती तर? पुढची गाडी एकाएकी थांबली तरी आपल्याला थांबता येईल एवढं अंतर ठेवणं हे मागच्याचं काम. उलट बाजूने, कारण नसताना कचकन ब्रेक मारू नये असाही नियम आहे, आणि मागच्याचा वकील हमखास तोच पुढे करतो. पण झेब्र्यावरचा माणूस हे ब्रेकचं सर्वांत सबळ कारण. तुम्ही हळूहळू थांबलात, आरसा बघितलात. डॅशकॅम असता तर मी म्हटलं असतं, निवांत झोपा.

स्कूटरवाल्याचं बोलायचं तर ओव्हरटेक उजवीकडून करायचा असतो. डावीकडून जायची मुभा मोजक्याच वेळी, उदाहरणार्थ पुढचा उजवीकडे वळायचा इशारा देऊन रस्त्याच्या मध्यावर आला असेल तर. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये नियम मोडून ओव्हरटेक करणं हे 'धोकादायक वाहन चालवणं' या व्याख्येतच घातलंय. सिग्नल तोडणं, राँग साइडने येणं, चालवताना हातात मोबाइल धरणं, सगळं त्याच रांगेत. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही.

पण स्कूटरचा नंबर घेतलात का? नाही ना. कुणीच घेत नाही, टोमॅटो गोळा करतात. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या दाव्यांचं तिथेच पाणी होतं. गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. 1 एप्रिल 2022 पासूनचे हे आकडे. त्याआधी पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. एका माणसाचे पंचवीस हजार!

अजून एक. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातात 1,68,491 माणसं गेली, त्यातली 32,825 पायी चालणारी होती. रोजची नव्वद. तेव्हा तुमच्या यजमानांना सांगा, न थांबण्याची पद्धत आपण भरपूर वापरून बघितली आहे.

लाल_डबा_निवृत्त

ताई, रामराम. एसटीवर एकोणतीस वर्षं ड्रायव्हर होतो, त्यातली नऊ स्वारगेट-कोल्हापूर. कायदा वकीलसाहेबांनी सांगितला, मी स्टिअरिंगवरचं सांगतो. रागावू नका, पण तुमची एक चूक झाली. थांबलात ते बरोबर. बोलावलंत ते चुकलं.

ड्रायव्हरने माणसाला हाताने 'या' म्हणायचं नाही. आम्हाला उस्तादाने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तुम्ही हात केला की माणूस तुमच्याकडं बघतो, रस्त्याकडं बघायचं सोडतो. त्याला वाटतं बाईंनी सगळीकडं बघून बोलावलंय. तुम्ही नुसतं थांबायचं. गाडी ठाम उभी दिसली की तो स्वतः बघून स्वतः निघतो. ब्रेकवरचा पाय आपल्या ताब्यात, आपल्या डाव्या बाजूने येणारं पोरगं आपल्या ताब्यात नाही.

दुसरं, तुम्ही पट्ट्यांना खेटून थांबलात का? तिथंच घोळ होतो. एक दीड गाडीची जागा सोडून अलीकडं थांबायचं. खेटून थांबलं की तुमची गाडी म्हणजे भिंत होते. आजोबा भिंतीआडून बाहेर पडले तेव्हा स्कूटर डोक्यावर आलेली. मागे थांबलं की आजोबाला तुमच्या मागचं दिसतं आणि स्कूटरवाल्याला आजोबा दिसतो. एसटी तर दहा फूट उंच, तिच्याआडून उतारू रस्ता ओलांडायला लागला की आमच्या पोटात धस्स व्हायचं.

तिसरं, माणूस कुठून कुठं चाललाय ते बघायचं. दुभाजकावरून फुटपाथकडं येत असेल तर धोका तुमच्या डाव्या अंगाला. मग पन्नास मीटर आधीपासूनच गाडी डावीकडं घेऊन यायची, सावकाश, म्हणजे दुचाकी घुसायला फट राहत नाही. ऐनवेळी घेतली तर ते पोरगं तुमच्याच गाडीवर येईल. माणूस फुटपाथवरून येत असेल तर धोका उजवीकडून, तिकडची फट बुजवता येत नाही. तिथं काच खाली करून उजवा हात बाहेर काढायचा, तळवा जमिनीकडं, खालीवर. त्याचा अर्थ मी वेग कमी करतोय. कोपरात वाकवून हात सरळ वर उभा धरला की मी थांबतोय. आजकालची पोरं हसतात हात बघून, पण हसायला का होईना बघतात, आणि बघितलं की ॲक्सिलरेटर सुटतो. आपलं काम झालं.

आणि ब्रेक एकदम दाबून धरायचा नाही. दोन-तीनदा हलका दाबायचा सोडायचा, मागचा लाल दिवा उघडझाप होऊ द्यायचा. मागचा जागा होतो.

बिनसाखरेवाले भाऊ, तुम्ही खरं बोललात ते आवडलं. थांबलेल्या एसटीला डावीकडून काढत जाऊ नका. तिकडं आमचं दार असतं.

पायपीट

मला गाडी येत नाही, शिकायचीही नाही. औंधला राहते, रोज आईला घेऊन फिजिओकडे चालत जाते. आईचे दोन्ही गुडघे बदललेत.

सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरतात. आमच्या चौकातला रस्ता साधारण 15 मीटर, हिरवा माणूस 14 सेकंद. कागदावर चोख. आईला लागतात 25 सेकंद, मी फोनवर मोजलेत, एकदा नाही, पाच-सहा वेळा. म्हणजे रोज दोन तृतीयांश रस्ता संपायच्या आतच आमच्या अंगावर लाल दिवा पडतो, आणि लोक इंजिन गुरगुरवायला लागतात. आई म्हणते, "अगं पळ", आणि आम्ही दोघी हसायला लागतो, कारण पळायचंच जमत असतं तर फिजिओला कशाला निघालो असतो.

डावीकडे वळणाऱ्यांची तर वेगळीच जात. त्यांना लाल दिवा लागूच नसतो. तारीखवाले काका सांगतील, पण माझ्या माहितीप्रमाणे तसा बोर्ड किंवा हिरवा बाण असल्याशिवाय लाल दिव्यावर डावीकडेही वळता येत नाही. आमच्या चौकात बोर्ड नाही. मी एकाला विचारलं तर म्हणाला, "लेफ्ट फ्रीच असतो, पूर्वीपासून." पूर्वीपासून!

आम्हीही धुतल्या तांदळासारख्या नाही. फिजिओकडून परत येताना आम्ही झेब्रा सोडून सरळ मधूनच ओलांडतो. कारण झेब्र्यापर्यंत जायचं तर फुटपाथवर आधी वीजमंडळाची पेटी, मग लावलेल्या दुचाक्या, मग अंडाभुर्जीची गाडी, आणि प्रत्येक बंगल्याच्या फाटकापाशी फुटपाथ संपतो, खाली उतरा, परत चढा. फुटपाथ नीट 1.8 मीटर मोकळा हवा आणि कडा 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नको असं म्हणतात. आमच्याकडची कडा आईच्या निम्म्या पोटरीएवढी आहे. दोन गुडघ्यांनी तेवढ्या सहा उड्या मारायच्या का एकदाच रस्ता पार करायचा, ह्यात आई रस्ता निवडते.

मावशी, तुम्ही थांबणं सोडू नका. पाच महिन्यांत आमच्यासाठी तीनजण थांबले. गाड्यांचे रंगसुद्धा आठवतात.

तारीख_पे_तारीख

@पायपीट: बरोबर आहे. बोर्ड किंवा बाण नसेल तर लाल म्हणजे लालच, डावीकडेही. आणि वळायची परवानगी असली तरी ओलांडणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. फुटपाथबद्दल, चालण्याजोगे फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये म्हटलंय. भुर्जीवाल्यापर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

झेब्रा सोडून ओलांडलंत म्हणून दावा मुळात बाद होत नाही, एवढं लक्षात ठेवा. तुमचा थोडा दोष धरून रक्कम कमी होऊ शकते, इतकंच. गाडीवाल्यांना वाटतं, माणूस पट्ट्याबाहेर होता म्हणजे आपण सुटलो.

डोंबिवली_ते_श्टुटगार्ट

'परदेशात कसं छान' छाप प्रतिसाद द्यायचा मोह आवरून लिहितोय. इथे लायसन्स काढताना मी दुसऱ्यांदा नापास झालो तो झेब्र्यामुळेच. एक बाई पट्ट्यांपासून दोन पावलं लांब, फोनवर बोलत उभी. मला वाटलं तिला ओलांडायचं नाहीये, मी हळू करून पुढे गेलो. परीक्षकाने पुढच्या कोपऱ्यावर गाडी बाजूला घ्यायला लावली, संपलं.

मावशींना जे झालं त्यावर इथे सरळ एक नियम आहे: झेब्र्यापाशी ओव्हरटेक करायचाच नाही. का, ते एसटीवाल्या काकांनी भिंतीचं उदाहरण देऊन सांगितलंच. ओलांडणाऱ्याला वाट दिली नाही तर 80 युरो आणि लायसन्सवर एक पॉइंट. लाल दिव्यावर पायी ओलांडलंत तर तुम्हालाही 5 युरो. रात्री अकरा वाजता, चिटपाखरू नाही, तरी लोक लाल माणसाकडे बघत उभे राहतात. पहिल्या वर्षी मी एकटाच ओलांडायचो, आता मीही उभा राहतो. सुट्टीत डोंबिवलीला आलो की स्टेशनबाहेर तसाच उभा राहतो आणि बायको दंडाला धरून ओढत नेते.

इथे पट्ट्यांजवळ माणूस दिसला की सगळ्या गाड्या थांबणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून थांबणाऱ्याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. तिकडे मावशींचं थांबणं हीच बातमी आहे. धोका तेवढ्यातच आहे.

कोथरूडची_मावशी

सगळ्यांचे आभार. चार दिवस मुद्दाम उत्तर दिलं नाही, आधी करून बघायचं होतं.

लाल डबा दादा, तुमचं पटलं, आणि थोडं लागलंही. मी पट्ट्यांना खेटूनच थांबले होते. आता बागेजवळच्या त्या झाडाखालून गाडी डावीकडे घेत येते आणि भाजीवालीच्या छत्रीच्या रेषेत थांबते. ती जागा बरोबर दीड गाडी अलीकडे पडते. ब्रेक दोन-तीनदा दाबते. 'या' म्हणणारा हात स्टिअरिंगवरून सुटू नये म्हणून सुरुवातीला घट्ट धरून ठेवावा लागला, इतकी सवय. हात बाहेर काढून खालीवर केला तर मागची कॉलेजची मुलगी हसली, तुम्ही म्हणालात तशीच. पण थांबली!

सगळं नीट झालं असं नाही. बुधवारी एकाने डावीकडे फट मिळाली नाही म्हणून चक्क फुटपाथवर स्कूटर चढवली आणि पुढून उतरला. त्यावर तुमच्याकडे काही तोड असेल तर सांगा. हे शेजारी बसले होते, काही बोलले नाहीत, फक्त त्याचा नंबर मोठ्याने वाचला. मी म्हटलं, लिहून घ्या. तर म्हणाले, लक्षात राहतो माझ्या. संध्याकाळी विचारलं तर शेवटचे दोन आकडे गेले होते.

आणि आज आजोबा दिसले. त्याच फटीत, तीच पिशवी. मी छत्रीच्या रेषेत थांबले, हात स्टिअरिंगवर. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, मी बोलावेन म्हणून असेल. मी बोलावलं नाही. शेवटी निघाले. माझ्या गाडीच्या डाव्या कडेपर्यंत आले, तिथे थांबले, काठी पुढे टेकवली, मान बाहेर काढून मागचा रस्ता नीट बघितला आणि मग उरलेली चार पावलं टाकली. फुटपाथवर चढल्यावर वळून काठी थोडी वर केली. मागे रिक्षा होती. तीच का दुसरी, माहीत नाही. हॉर्न वाजत होताच.